सपाट रस्त्यावरचा आठवडा

दर वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसला टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचा पुढच्या वर्षीचा मार्ग जाहीर होतो आणि त्याच संध्याकाळी मी एक वही उघडून २१ टप्प्यांची यादी उतरवून काढतो. प्रत्येक टप्प्यापुढे सुरुवातीचे गाव, शेवटचे गाव, अंतर आणि वाटेतले घाट लिहितो आणि शेवटच्या रकान्यात एक खूण करतो. जिथे शर्यतीचा निकाल लागण्याची शक्यता दिसते तिथे चांदणी काढतो. जिथे सगळा ताफा शेवटच्या काही शे मीटरपर्यंत एकत्रच येणार आणि वेगवान स्प्रिंटरांपैकी कोणीतरी जिंकणार याची खात्री वाटते, तिथे फुली मारतो. या वहीची पाने उलटू लागलो की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. बहुतेक वर्षी फुल्यांची दाटी पानाच्या वरच्या भागात, म्हणजे पहिल्या आठवड्यात असते.

हा पहिला आठवडा मला निराश करतो, हे मी पुष्कळ वर्षे कोणापाशी बोललो नव्हतो. जी शर्यत आपल्याला इतकी प्रिय आहे तिच्याविषयी तक्रार करणे म्हणजे आपल्या निष्ठेतच काही खोट असल्यासारखे वाटायचे. पण अकरा महिने वाट पाहायची, जुलै उजाडताच दुपारची कामे सकाळी उरकायची, आणि मग चार-चार तास समोर दिसावे ते एवढेच की जवळपास दोनशे माणसे गप्पा मारत, पाण्याच्या बाटल्या एकमेकांना देत, गव्हाच्या शेतांमधून निवांत चालली आहेत; अशा वेळी जे मनात येते त्याला निराशा याखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही. शर्यत २३ दिवसांची आणि त्यांतले दोन दिवस विश्रांतीचे. त्यातला आठवडाभर काहीच न घडता निघून गेला, तर वर्षभराच्या प्रतीक्षेचा तिसरा हिस्सा हातातून सांडून गेला असे होते.

या निराशेचा माझ्या मनातला सर्वांत ठळक दिवस २०१६ सालचा आहे. तिसरा टप्पा ग्रानव्हील ते आंजे, २२३.५ किलोमीटर. सुरुवातीलाच आर्मिंदो फोन्सेका नावाचा एका लहान फ्रेंच संघाचा सायकलपटू पुढे निसटला आणि त्याच्यासोबत कोणीच गेले नाही. ताफ्याने त्याला जाऊ दिले, कारण एकटा माणूस सपाट रस्त्यावर शेवटपर्यंत तग धरू शकत नाही हे सर्वांना ठाऊक होते. त्यालाही ते ठाऊक असणारच. पुष्कळ उशिराने तोमा व्होक्लेर त्याला जाऊन मिळाला, तेव्हा निदान बोलायला तरी माणूस मिळाला असे मला त्या फोन्सेकासाठी वाटले. ताफा इतक्या संथपणे चालला होता की टप्पा संपायला जवळजवळ सहा तास लागले. शेवटी दोघांनाही गाठून स्प्रिंट झाली आणि मार्क कॅव्हेंडिश व आंद्रे ग्रायपेल एकाच क्षणी रेषेवर आले. कॅव्हेंडिश जिंकला हे छायाचित्र पाहून ठरवावे लागले. त्या विजयाने त्याने जुने फ्रेंच विजेते बर्नार इनो यांच्या २८ टप्पे जिंकण्याच्या कामगिरीची बरोबरी केली. एवढी मोठी घटना, पण सहा तासांच्या शेवटी ती आली तेव्हा मला आनंदाऐवजी थकवाच जाणवला. वहीत मी त्या दिवसापुढे फुली तर मारलेली होतीच. तिच्यावरून आणखी एकदा पेन फिरवले.

असे का होते, याचे कारण हवेत आहे, हे सायकल शर्यती पाहणाऱ्याला लवकरच कळते. सायकलपटूची बरीचशी ताकद समोरची हवा कापण्यात खर्च होते आणि जो दुसऱ्याच्या आडोशाला असतो त्याची ती वाचते. आयंडहोव्हेनचे प्राध्यापक बर्ट ब्लोकेन यांच्या गटाने २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या ताफ्याचा अभ्यास केला, तेव्हा ताफ्याच्या पोटात असलेल्या माणसाला एकट्याने सायकल चालवणाऱ्याच्या तुलनेत हवेचा अवघा ५ ते १० टक्के विरोध सोसावा लागतो असे दिसून आले. हा आकडा मी प्रथम वाचला तेव्हा फोन्सेकाची आठवण झाली. तो तासन् तास पूर्ण किंमत मोजत होता आणि मागचे सारे जवळजवळ फुकट प्रवास करत होते. जुने सायकलपटू आणि नंतरचे समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक आडाखा प्रसिद्ध आहे: उरलेल्या दर दहा किलोमीटरमागे एक मिनिट या हिशेबाने पुढच्यांजवळ वेळ शिल्लक नसेल, तर ताफा त्यांना गाठणार. आज संघांच्या गाड्यांमध्ये बसलेली माणसे कानातल्या रेडिओवरून हाच हिशेब सेकंदासेकंदाला सांगत असतात. पूर्वी लहान संघ निदान दूरचित्रवाणीवर आपल्या प्रायोजकाचे नाव झळकावे म्हणून तरी कोणाला पुढे पाठवत असत. आता तीन हंगामांच्या गुणांवर संघाचा सर्वोच्च श्रेणीतला परवाना अवलंबून असतो, आणि पकडले जाण्याची जवळपास खात्री असलेल्या पळापेक्षा स्प्रिंटमधला सातवा-आठवा क्रमांक बरा, असे त्यांना वाटले तर त्यांना दोष कसा द्यावा? प्रत्येकाचे वागणे आपापल्या जागी शहाणपणाचे असते आणि त्या सगळ्या शहाणपणाची बेरीज होऊन आपल्यासमोर एक रिकामी दुपार येते.

ही तक्रार आजची आहे, लहान व्हिडिओंवर वाढलेल्या अधीर पिढीची आहे, असे कोणी म्हटले की मला १९२७ साल आठवते. टूरचे जनक आंरी देग्रांज यांनी १९०३ मध्ये ही शर्यत सुरू केली ती आपल्या ‘लोटो’ या वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. वाचकाला दुसऱ्या दिवशी वाचण्याजोगे काही घडावे हीच तिच्यामागची मूळ गरज होती. चोवीस वर्षांनंतर त्याच देग्रांज यांची सहनशक्ती संपली. सपाट टप्प्यांवर सायकलपटू अंग राखून चालतात, एकमेकांच्या सोबतीने रमतगमत मुक्काम गाठतात आणि सगळी ताकद डोंगरांसाठी वाचवून ठेवतात, याचा त्यांना मनस्वी संताप होता. म्हणून १९२७ च्या शर्यतीत त्यांनी २४ पैकी १६ टप्प्यांवर संघांना एकत्र सुटूच दिले नाही. प्रत्येक संघ पंधरा मिनिटांच्या अंतराने निघाला, म्हणजे आडोसा घ्यायला परका ताफाच उरू नये आणि प्रत्येकाला पहिल्या किलोमीटरपासून घड्याळाशी झुंजावे लागावे. मला या निर्णयात एका संपादकाच्या हिशेबाइतकीच एका चाहत्याची तळमळही दिसते. मार्ग बदलून भागत नाही, बक्षिसे वाढवून भागत नाही, तेव्हा त्यांनी ताफा नावाची गोष्टच मोडून काढायचे ठरवले.

तो प्रयोग फसला. रस्त्याच्या कडेला उभे राहिलेल्या लोकांना समोरून जाणारा माणूस पुढे आहे की मागे हेच समजेना. बलवान संघ आणखी बलवान झाले आणि दुबळ्या संघातल्या चांगल्या सायकलपटूला काही आशाच उरली नाही. लक्झेम्बर्गच्या निकोला फ्रांट्झने ती शर्यत जिंकली आणि पुढच्या वर्षी, तशाच पद्धतीने झालेली शर्यतही त्यानेच जिंकली. त्यानंतर देग्रांज मागे हटले. जवळपास शंभर वर्षांपूर्वी खुद्द शर्यतीच्या जनकाला जे साधले नाही, ते आजच्या आयोजकांना सहज जमेल अशी अपेक्षा मी आता करत नाही. पण आपल्या निराशेला इतकी जुनी आणि इतकी मानाची परंपरा आहे हे कळल्यापासून मी तिच्याविषयी संकोच बाळगणे मात्र सोडले.

देग्रांज यांच्या वाचकांपेक्षा आपण एका बाबतीत अधिक दुर्दैवी आहोत. त्यांना रिकामे तास दिसत नव्हते. वर्तमानपत्रातला लेखक सहा तासांतून कामाची पाच मिनिटे निवडून घेई आणि बाकीच्या वेळात धूळ, ऊन, पंक्चर यांची वर्णने भरी. नंतर दूरचित्रवाणी आली तेव्हाही अनेक वर्षे सपाट टप्प्यांचा शेवटचा भागच प्रामुख्याने दाखवला जाई. २०१७ मध्ये पहिल्यांदा सगळे टप्पे सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट प्रक्षेपित झाले. हा बदल मला हवा होता, मी त्याची वाट पाहिली होती. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, फूजेर ते शार्त्र हा २३१ किलोमीटरचा त्या शर्यतीतला सर्वांत लांब टप्पा आला, तो मी पहिल्या मिनिटापासून पाहिला आणि डिलन ग्रुनेवेगेनने रेषा ओलांडली तेव्हा माझ्या लक्षात आले की जे आपण इतक्या हौसेने मागून घेतले ते म्हणजे शर्यत नसलेल्या वेळेचे संपूर्ण चित्रण होते. हेलिकॉप्टरमधून दिसणारे किल्ले आणि सूर्यफुलांची शेते पाहण्यासाठीच अनेक जण टूर लावतात आणि त्यांच्या आनंदाविषयी मला आदर आहे, पण माझे मन त्यात फार वेळ रमत नाही.

आयोजक स्वस्थ बसलेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पहिल्या आठवड्यात मूर-द-ब्रतान्यसारखे आखूड पण उभे चढ येऊ लागले, उत्तरेकडचे दगडी रस्ते येऊ लागले, सुरुवातीचा, एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायचा टप्पा कधी गाळला तर कधी पुन्हा आणला. पण घटना अशी बोलावून येत नाही. २०२२ मध्ये शर्यत डेन्मार्कमधून सुरू झाली आणि दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी स्टोअरबेल्टचा १८ किलोमीटरचा समुद्रावरचा पूल ठेवला होता. आडवा वारा सुटेल, ताफ्याचे तुकडे होतील, मोठमोठे दावेदार मिनिटे गमावतील, अशी चर्चा महिनोन् महिने चालली होती. वहीत मी त्या दिवसापुढे मोठी चांदणी काढली होती. प्रत्यक्षात वारा समोरून आला. समोरच्या वाऱ्यात कोणीच पुढे निघण्याचे धाडस करत नाही, म्हणून सारा ताफा रुंद होऊन पुलावरून एकत्रच चालत राहिला आणि न्यूबोर्गमध्ये फाबियो याकोब्सेनने स्प्रिंट जिंकली.

त्या दिवसाची आठवण मी अनेकदा काढतो, आणि त्यात पुलाइतकाच मॅग्नस कॉर्टही असतो. डेन्मार्कच्या या सायकलपटूने वाटेतल्या तीन लहानशा टेकड्यांवरचे तीन गुण मिळवून ठिपक्यांची जर्सी, म्हणजे चढांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याची जर्सी, घेतली. दुसऱ्या दिवशी ती अंगावर घालून तो पुन्हा पुढे निघाला, या वेळी एकटाच. त्याच्या मागे विजयाची काडीचीही शक्यता नव्हती आणि दोन्ही बाजूंना मैलोन् मैल त्याचे देशबांधव उभे होते. तो त्यांच्याकडे पाहून हसत होता, हात हलवत होता. शर्यतीच्या दृष्टीने त्या दिवशीही काही घडले नाही. मी मात्र उठून गेलो नाही.

२०२४ च्या नवव्या टप्प्याने वेगळीच निराशा दिली. त्र्वाच्या आसपास द्राक्षमळ्यांमधून जाणाऱ्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांचे १४ तुकडे, मिळून सुमारे ३२ किलोमीटर, मार्गात घातले होते. शर्यतीच्या दावेदारांपैकी तादेय पोगाचारने एकापेक्षा अधिक वेळा हल्ला चढवला. योनास विंगेगार्ड त्याच्या मागे चिकटून राहिला, पण पुढे येऊन ओढायला त्याने नकार दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत पडून त्याच्या फुप्फुसाला गंभीर इजा झाली होती, आणि ज्या माणसाला रुग्णालयातून थेट टूरच्या तयारीला लागावे लागले त्याने धुळीच्या रस्त्यावर सावध राहणे किती समजण्यासारखे आहे हे मला त्या वेळीही कळत होते. तरी मी चिडलो. आंतोनी त्युर्जीसने टप्पा जिंकला, दावेदारांमधले अंतर होते तेवढेच राहिले, आणि मी दिवसभर एका जखमेतून नुकत्याच उठलेल्या माणसाने अधिक धोका पत्करावा अशी इच्छा करत बसलो होतो. ही गोष्ट मला नंतर काही दिवस टोचत राहिली.

ती टोचणी पुढच्या वर्षी खरी ठरली. ७ जुलै २०२५ चा तिसरा टप्पा व्हॅलांसिएनहून डंकर्कला जात होता, १७८ किलोमीटर, वहीत फुली. टप्प्याच्या मोठ्या भागात कोणीही मनापासून पुढे निसटण्याचा प्रयत्न केला नाही. वारा विरुद्ध होता आणि ताफा रस्ताभर पसरून चालला होता. तिसरा तास सुरू झाला असेल, मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने म्हणालो, “काहीतरी घडू दे.” त्यानंतर थोड्याच वेळाने इस्बेर्गच्या मधल्या स्प्रिंटसाठी वेग वाढला, एका सायकलपटूचा तोल गेला, त्याचा धक्का स्प्रिंटच्या गुणांत आघाडीवर असलेल्याच्या हिरव्या जर्सीतल्या यास्पर फिलिप्सनला लागला आणि तो पूर्ण वेगात उजव्या खांद्यावर आदळला. दोनच दिवसांपूर्वी लीलमध्ये त्याने पहिला टप्पा जिंकून एकूण शर्यतीत आघाडीवर असलेल्याची पिवळी जर्सी घातली होती. आता तो फाटलेल्या कपड्यांनी रस्त्यावर बसला होता, पाठ सोलवटून निघाली होती, आणि त्याची शर्यत संपली होती. कॉलरबोन आणि बरगड्या मोडल्याचे नंतर कळले. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पुन्हा सायकलपटू पडले. टिम मेर्लियर जिंकला.

माझ्या बोलण्याने कोणी पडले नाही, हे मला समजते. पण त्या रात्री मी जुनी पाने चाळली आणि पहिल्या आठवड्यांतले आपल्याला नेमके काय आठवते ते तपासले. २०१४: मागच्या वर्षीचा विजेता क्रिस फ्रूम पाचव्या टप्प्यावर पडून बाहेर. २०१५: पिवळ्या जर्सीतला फाबियान कान्चेलारा मणका मोडलेल्या अवस्थेत बेल्जियममधल्या वी या गावच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थांबला, तीन दिवसांनी पिवळ्याच जर्सीतला टोनी मार्टिन ल आव्ह्रमध्ये कॉलरबोन मोडून घरी गेला. २०१७: पहिल्याच दिवशी ड्युसेलडोर्फच्या ओल्या रस्त्यावर आलेहांद्रो व्हाल्व्हेर्दे पडून बाहेर. २०२१: लांदेर्नोच्या वाटेवर पुठ्ठ्याचा फलक घेऊन रस्त्यात आलेली एक प्रेक्षक आणि कोसळलेला अर्धा ताफा. वहीत या सगळ्या दिवसांपुढे मी कधी ना कधी जाड अक्षरांत काहीतरी लिहिले होते. ज्या दिवशी कोणी पडले नाही, ते दिवस कोरे होते. सपाट रस्त्यावर ताफा एकत्र असतो, प्रत्येक संघाला पुढे राहायचे असते, पाय ताजे असतात आणि कोणाचे स्थान अजून ठरलेले नसते. अशा आठवड्यात ‘काहीतरी घडणे’ याचा अर्थ बहुधा कोणीतरी पडणे हाच असतो. मी इतकी वर्षे मागत होतो ते हेच होते का, या प्रश्नाचे मला समाधानकारक उत्तर देता येत नाही. मला हल्ले हवे होते, धाडस हवे होते, एखाद्याने हिशेब झुगारून दिलेला पाहायचा होता. पण कंटाळलेले मन मागताना एवढे बारकावे पाळत नाही.

तेव्हापासून मी ते वाक्य उच्चारत नाही. निराशा गेलेली नाही, आणि ती जावी असेही मला वाटत नाही. फूजेर ते शार्त्रसारखा दिवस कंटाळवाणाच होता आणि त्याला कंटाळवाणा म्हणण्याचा हक्क सहा तास त्याच्यासमोर बसलेल्या माणसाला असलाच पाहिजे. फक्त आता असा दिवस आला की मी तो कोरा राहू देतो.

त्याच २०२५ च्या शर्यतीत, १३ जुलैला, शिनों ते शातोरू हा नववा टप्पा होता. १७४ किलोमीटर, एकही चढ नाही, शेवटचे गाव स्प्रिंटरांचे लाडके. वहीतली त्या पानावरची सर्वांत ठाम फुली हीच असावी. झेंडा पडताच माथ्यू व्हान डर पूल आणि त्याच्या संघातला योनास रिकार्ट पुढे निघाले, दोघेच. रिकार्टचे नेहमीचे काम फिलिप्सनला शेवटच्या किलोमीटरमध्ये वाऱ्यापासून झाकत पुढे आणून सोडण्याचे. आणि फिलिप्सन तर सहा दिवसांपूर्वीच इस्बेर्गच्या रस्त्यावरून घरी गेला होता. दोघे आलटून पालटून हवा कापत राहिले. मागे ताफा नेहमीप्रमाणे हिशेब करत होता, पण त्या दिवशी वारा आडवा होता, वेग अफाट होता आणि हिशेब काही केल्या जुळत नव्हता. टप्प्याचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर गेला. टूरच्या इतिहासात सामूहिक टप्पा याहून वेगाने एकदाच झाला आहे, १९९९ मध्ये लाव्हाल ते ब्ल्वा.

शेवटचे काही किलोमीटर उरले असताना रिकार्टचे पाय संपले. त्याने शेवटची एक पाळी ओढली आणि तो बाजूला झाला. व्हान डर पूल एकटा पुढे गेला. मी खुर्चीतून उठून उभा होतो, आणि मनात काय मागत होतो ते मला स्पष्ट आठवते: हा माणूस रेषेपर्यंत पोचावा, आणि मागचे सगळे सुखरूप पोचावेत. शेवटच्या किलोमीटरच्या आत ताफ्याने त्याला गाठले. मेर्लियर पुन्हा जिंकला, योनाथन मिलान दुसरा आला. निकाल तेवढा वाचणाऱ्याला तो आणखी एक सपाट टप्पा वाटेल.

दिवसातला सर्वांत लढाऊ सायकलपटू म्हणून रिकार्टला मंचावर बोलावले गेले. ज्याचे सारे आयुष्य दुसऱ्याला जिंकवण्यात आणि रेषेच्या अलीकडेच बाजूला होण्यात गेले, त्याला टूरच्या मंचावर उभे राहण्याची इच्छा होती, आणि व्हान डर पूल त्या सकाळी निघाला तो त्यासाठीच. वहीतली फुली मी खोडली नाही. तिच्या शेजारी जागा थोडी होती, तेवढ्यात दोघांची नावे बारीक अक्षरांत लिहिली आणि पुढे १७३ हा आकडा लिहिला. इतके किलोमीटर तो पळ टिकला होता.